नापास विद्यार्थ्याला संधी चार, शिकवणी मात्र कोणाची?

वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या प्रथम वर्षाचा निकाल लागला की महाविद्यालयांच्या सूचनाफलकापाशी दोन प्रकारचे विद्यार्थी दिसतात. उत्तीर्ण झालेले दुसऱ्या वर्षाच्या वॉर्डातील पोस्टिंगची चौकशी करीत असतात, आणि अनुत्तीर्ण झालेले पुरवणी परीक्षेची तारीख शोधत असतात. देशभरातील स्पर्धेतून ‘नीट’ पार करून आलेल्या यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात पूर्वी कधी नापास हा शब्द ऐकलेला नसतो. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र या तीन विषयांपैकी एकात जरी अडखळले, तरी दुसऱ्या वर्षाचा दरवाजा बंद होतो.

या विद्यार्थ्यांचे पुढे काय करायचे, याचे नियम गेल्या काही वर्षांत बरेच बदलले. भारतीय वैद्यकीय परिषदेने २०१९ च्या तुकडीपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आणला. पूर्वी अंतर्गत मूल्यमापनाचे गुण विद्यापीठाच्या गुणांत मिळवले जात. ती पद्धत बंद झाली. आता अंतर्गत मूल्यमापनात लेखी व प्रात्यक्षिक मिळून ५० टक्के आणि दोहोंत स्वतंत्रपणे किमान ४० टक्के गुण असल्याखेरीज विद्यापीठाच्या परीक्षेला बसताच येत नाही. विद्यापीठाच्या परीक्षेत लेखी आणि प्रात्यक्षिक या दोन्हींत वेगवेगळे ५० टक्के मिळवण्याची अट २०१९ च्या नियमांत होती. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या जून २०२३ च्या नियमांनी प्रथम वर्षासाठी चार संधी कायम ठेवल्या, संपूर्ण अभ्यासक्रमासाठी प्रवेशापासून नऊ वर्षांची मर्यादा घातली आणि अनुत्तीर्णांच्या वेगळ्या तुकड्या, म्हणजे ‘ऑड बॅच’, रद्द केल्या.

वेगळी तुकडी रद्द करण्यामागील हेतू चांगला होता. या तुकडीत अडकलेला विद्यार्थी सहा महिने मागे पडे, त्याचे मित्र पुढे जात, आणि शिक्षकांना तोच अभ्यासक्रम दोनदा चालवावा लागे. नव्या नियमानुसार मुख्य निकालानंतर तीन ते सहा आठवड्यांत पुरवणी परीक्षा व तिचा निकाल उरकायचा, म्हणजे उत्तीर्ण झालेला विद्यार्थी आपल्याच वर्गमित्रांत परत येतो. जो तेथेही नापास होतो, तो पुढल्या वर्षाच्या तुकडीत बसतो.

खरी मेख मात्र येथेच आहे. सबंध वर्षात ज्याला मज्जासंस्थेची रचना उमगली नाही, त्याला ती सहा आठवड्यांत कशी उमगावी? शिवाय चार संधी ऐकायला भरपूर वाटतात, पण हिशेब मांडला तर मुख्य, पुरवणी, पुन्हा मुख्य, पुन्हा पुरवणी, असे करीत दोन शैक्षणिक वर्षांत त्या संपतात. परीक्षेला अर्धवट हजेरी लावली तरी ती एक संधी मोजली जाते. चौथ्या अपयशानंतर प्रवेशच संपुष्टात येतो. कोविडकाळातील तुकडीसाठी आयोगाला अपवाद म्हणून पाचवी संधी द्यावी लागली, यावरून ही मर्यादा केवळ कागदावरची नाही हे दिसते.

मधल्या काळात चर्चा रंगली ती टक्केवारीची. २०२३ मध्ये आयोगाने दोन पेपर असलेल्या विषयांत उत्तीर्णतेची अट ५० वरून ४० टक्क्यांवर आणली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो निर्णय मागे घेतला. ‘कमी गुणांचे डॉक्टर’ म्हणून टीका झाली, दुसऱ्या बाजूने विद्यार्थ्यांचा ताण पुढे केला गेला. नापास झाल्यापासून फेरपरीक्षेपर्यंतच्या काळात कोण काय शिकवणार, हा प्रश्न त्या गदारोळात बाजूलाच राहिला.

वास्तविक त्याचे उत्तर २०१९ च्या नियमांतच सूचित केलेले आहे. अंतर्गत परीक्षांचे निकाल आठवड्या-दोन आठवड्यांत लावावेत आणि मागे पडलेल्यांसाठी उपचारात्मक उपायांचे धोरण आखण्याबाबत विद्यापीठांनी महाविद्यालयांना मार्गदर्शन करावे, असे तेथे म्हटले आहे. विद्यार्थ्याच्या लॉगबुकात प्रत्येक कौशल्यापुढे शिक्षकाने ‘पूर्ण’, ‘पुनरावृत्ती’ किंवा ‘उपचारात्मक’ असा शेरा द्यायचा आहे. म्हणजे रक्तदाब मोजता न येणारा विद्यार्थी वर्षाअखेरीस नव्हे, त्याच दिवशी लक्षात यावा, ही यामागील कल्पना. कल्पना उत्तमच म्हटली पाहिजे.

परंतु दीडशे ते अडीचशे विद्यार्थ्यांच्या वर्गात हा शेरा कितपत मनापासून दिला जातो, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही. ‘उपचारात्मक’ असे लिहिले की उपचार करण्याचे कामही त्याच शिक्षकाकडे येते. त्यासाठी वेळापत्रकात वेगळा तास नाही, शिक्षकाच्या कार्यभारात त्याची नोंद नाही. तेव्हा ‘पूर्ण’ लिहून मोकळे होणे सोपे. मग अंतर्गत परीक्षेत पात्रतेपुरते गुण देऊन विद्यार्थ्याला पुढे ढकलले जाते आणि त्याचे कच्चेपण विद्यापीठाच्या परीक्षेत उघडे पडते. तोवर हाती उरतात ते पुरवणी परीक्षेपूर्वीचे काही आठवडे.

भाषेचाही भाग आहे. मराठी माध्यमातून आलेला, जिल्ह्याच्या गावी शिकलेला विद्यार्थी पर्यायी उत्तरांची ‘नीट’ पार करतो, पण येथे त्याला इंग्रजीत दीर्घोत्तरे लिहायची आणि तोंडी परीक्षेत परीक्षकांसमोर बोलायचे असते. प्रवेशानंतरच्या पायाभूत वर्गांत भाषेचा समावेश आहे खरा, पण काही आठवड्यांत ही दरी बुजत नाही. असा विद्यार्थी ज्ञानात कमी पडला की मांडणीत, हे गुणपत्रिका सांगत नाही, आणि दोहोंवरचा इलाज एक नाही.

अमेरिकेत डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेचा पहिला टप्पा जानेवारी २०२२ पासून केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण या स्वरूपात जाहीर होतो. येथे तसे होणे कठीण, कारण गुणांवरचा विश्वास आपल्याकडे फार खोल आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या परीक्षा घेते, तेव्हा विषयवार अपयशाचा तपशील त्याच्याकडे जमा असतो. कोणत्या महाविद्यालयात कोणत्या विषयात मुले वारंवार अडतात, हे त्यातून काढता येईल. पुरवणी परीक्षेपूर्वी किती तास शिकवले आणि कोणी शिकवले, याची नोंद महाविद्यालयांकडून मागवणे हेही विद्यापीठाच्या हातात आहे. त्यासाठी दिल्लीच्या नव्या अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही.