रजा कोणी द्यावयाची?

कर्नाटक सरकारने २०२५ साली नोकरदार स्त्रियांना मासिक पाळीसाठी वर्षाकाठी १२ दिवसांची पगारी रजा मंजूर केली. तिचे आम्ही स्वागतच करतो. परंतु येथे म्हैसुरात, आमच्याच घरांत, चूल आणि लेकरे सांभाळणाऱ्या आईचे काय?

एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या ऊती त्याबाहेर रुजतात. जननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना तो ग्रासतो. जोडीला फायब्रोमायल्जिया आला की सर्वांग ठणकते आणि रक्ततपासणीत काहीच सापडत नाही. म्हणून का दुखणे खोटे ठरते? ‘बाईच्या जातीने सोसावे’ हे शहाणपण आम्हांस मान्य नाही. लेकराला कडेवर घेऊ न शकणारी आई आळशी नव्हे, आजारी आहे. तिची रजा सरकारने नव्हे, आम्हीच मंजूर करावयाची आहे.