टेप म्हणे जुनाट!

"टेप? ती तर कॅसेटबरोबरच गेली!" आमच्या नात्यागोत्यातली संगणकवाली तरुण मंडळी हे मोठ्या ठसक्यात सांगतात. सगळा बॅकअप डिस्कवर घ्यावा, हवा तेव्हा क्षणात परत मिळतो, टेपचं लोढणं कशाला, असा एकूण सूर. मंडळी, तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. उरलेल्या अर्ध्याशी भांडण आहे.

मान्य आहे ते आधी. टेपवरची फाइल हवी तर रीळ तिथपर्यंत पळवत न्यावं लागतं, आणि एलटीओ-९ जातीच्या टेपची लांबी हजार मीटरहून जास्त! डिस्कवर हवं तिथे थेट हात घालता येतो. शिवाय रात्री शंभर यंत्रं आपापल्या संथ चालीने बॅकअप पाठवू लागली की टेप अडखळते. माहिती येईनाशी झाली की थांबते, मागे येते, पुन्हा धावते. म्हणून जाणते लोक बॅकअप आधी डिस्कच्या साठ्यात (त्यांच्या भाषेत 'पूल') उतरवतात आणि तिथून सलग टेपच्या साठ्यात हलवतात. कालपरवाचं डिस्कवरही राहू देतात, कारण चुकून पुसलेली फाइल बहुधा कालपरवाचीच असते. एका यंत्राचा माल शक्यतो मोजक्याच टेपांवर ठेवतात, नाहीतर परत आणताना वीस टेपा चढवा-उतरवाव्या लागतात. स्वयंपाकघरातले डबे आणि मागची कोठी, असा हा सरळ घरगुती हिशोब. डबा हाताशी आहे म्हणून कोणी कोठी मोडीत काढतं का?

डिस्क सदैव जोडलेली असते, तिचा वेग येतो तो त्यातूनच, आणि धोकाही तिथेच आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या काही वापरणाऱ्यांची पत्रं एकाएकी नाहीशी झाली. गूगलकडे प्रती एकाहून अधिक होत्या, पण नव्या सॉफ्टवेअरमधल्या दोषाने त्यातल्या कित्येक प्रती एकदमच पुसल्या. पत्रं परत आली ती टेपवरून! जोडलेलीच नव्हती, म्हणून वाचली. वेळ लागला खरा, पण मिळाली. खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारे चोरसुद्धा आधी जोडलेला बॅकअपच शोधतात.

आता दक्षिण कोरियाचं बघा. २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी नोकरांच्या फाइलींचा 'जी-ड्राइव्ह' जळाला, सुमारे ८५८ टेराबाइट. बाहेर प्रत नव्हती. का, तर म्हणे साठा फार मोठा होता! मी आपला शाळामास्तरी भागाकार केला. एलटीओ-९ च्या एका टेपवर १८ टेराबाइट मावतात. म्हणजे ४८ टेपा. शेजारी-शेजारी उभ्या केल्या तर जेमतेम एक मीटर, कपाटाची एक फळी. रोजच्या बदलांसाठी आणखी लागतील, दोन फळ्या धरा. वर्षानुवर्षांचं काम दोन फळ्यांअभावी गेलं आणि आम्ही म्हणायचं, टेप जुनाट!

अर्थात टेप घेतली म्हणजे झालं, असंही नाही. ती यंत्राच्या खोक्यातच पडून राहिली तर आग तिलाही सोडणार नाही. ती बाहेर काढून दुसऱ्या इमारतीत पोचवायला हवी. आणि परत आणून बघायला हवं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत चुकून चालू डेटाबेस पुसला गेला, तेव्हा कळलं की बॅकअपच्या पाच तऱ्हांपैकी एकही धड चालत नव्हती. सहा तास आधी कुणीतरी सहज घेतलेली एक प्रत होती म्हणून निभावलं. पाठांतर झालं म्हणणाऱ्या मुलाला आपण उभं करून म्हणायला लावतोच ना? बॅकअपला मात्र कोणी उभं करत नाही.

तेव्हा भाचेमंडळींनो, दिवाळीला याल तेव्हा डिस्कच्या वेगाचं कौतुक मी चहाबरोबर आनंदाने ऐकेन. नंतर दोनच प्रश्न विचारीन. तुमच्या ऑफिसातली शेवटची टेप इमारतीबाहेर कधी गेली? आणि तिच्यावरून एखादी फाइल परत आणून कोणी, कोणत्या तारखेला पाहिली?