आरोग्य आणि संसार : दारीं आलेला मुका जीव

आषाढी वारीच्या दिवसांत तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून इंदापूरच्या वाटेला लागली, कीं काटेवाडीस एक सोहळा दरवर्षीं पहावयास मिळतो. धनगर मंडळी आपल्या मेंढ्यांचे कळप घेऊन येतात आणि त्या मेंढ्या पालखीभोंवतीं प्रदक्षिणा घालतात. या रिंगणामुळें मेंढ्यांना रोगराईची बाधा होत नाहीं, अशी त्या मंडळींची श्रद्धा आहे. पुढें बेलवाडीस अश्वाचें रिंगण होतें आणि घोड्याच्या टापांखालची माती कपाळीं लावण्यासाठीं वारकऱ्यांची झुंबड उडते. मुक्या प्राण्याला देवाच्या सोहळ्यांत असा मान देणारा हा मुलूख आहे. परंतु तोच मुका प्राणी आपल्या ओसरीवर येऊन बसला, तर त्याचें काय करावें, याविषयीं आपल्या सुशिक्षित घरांत अजून एकमत झालेलें नाहीं.

हा विषय या महिन्यांत घेण्यास एका भगिनीचें पत्र कारण झालें. ती पुण्यास राहते; सासर इंदापूरचें. सासूबाईंना जाऊन वर्ष झालें, मामंजी इंदापूरच्या घरीं एकटेच असतात, आणि पुण्यास येऊन राहण्यास ते मुळींच राजी नाहींत. जेवण वेळेवर होत नाहीं, सकाळचें फिरणें सुटलें, वाचनही सुटलें. मुलानें फोन केला, तर 'ठीक आहे' यापलीकडे शब्द नाहीं. गेले दोन महिने गल्लींतलें एक गांवठी पिलूं ओसरीवर येऊन बसूं लागलें आहे, आणि मामंजी त्याला रोज पोळी घालतात. तें पिलूं घरीं ठेवून घ्यावें, असें या भगिनीस वाटतें. बारामतीच्या वन्संचा मात्र सक्त विरोध आहे. कुत्र्यापासून रोग होतात, सोंवळेंओंवळें रहात नाहीं, आणि सत्तरी उलटलेल्या माणसाच्या मागें ही नवी उस्तवार कशाला, असें त्यांचें म्हणणें. 'कुत्रें पाळल्यानें म्हाताऱ्या माणसाची प्रकृति सुधारते, असें हल्लीं वाचावयास मिळतें. तें खरें काय?' असा भगिनीचा प्रश्न आहे.

प्रथम शास्त्र काय सांगतें तें पाहूं. ही कल्पना आजकालची नव्हे. इंग्लंडांत यॉर्क शहरीं १७९६ सालीं मनोरुग्णांसाठीं 'रिट्रीट' नांवाचें एक आश्रम निघालें. रोग्यांना सांखळदंडांत जखडण्याच्या त्या काळांत तेथील आवारांत ससे, कोंबड्या असे प्राणी ठेवले होते, आणि रोग्यांनीं त्यांच्यांत रमावें अशी योजना होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं शुश्रूषेवरील आपल्या प्रसिद्ध पुस्तकांत, दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्या रोग्याला एखादा लहानसा प्राणी उत्तम सोबती होतो, असें नमूद करून ठेवलें आहे. अमेरिकेंतील मानसोपचारतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांना असें आढळलें, कीं जें मूल कोणाशींच बोलत नाहीं, तें आपल्या कुत्र्याच्या सान्निध्यांत मोकळें होतें. त्यावर त्यांनीं १९६२ सालीं निबंध लिहिला, आणि तेव्हांपासून या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला.

पुढें १९८० सालीं एरिका फ्रीडमन व त्यांचे सहकारी यांनीं हृदयविकारानें रुग्णालयांत दाखल झालेल्या ९२ रोग्यांची वर्षभरानंतरची हकीकत प्रसिद्ध केली. ज्यांच्या घरीं पाळीव प्राणी होता अशा ५३ जणांपैकीं ३ दगावले होते. ज्यांच्या घरीं नव्हता अशा ३९ जणांपैकीं ११ दगावले होते. २०१५ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं दाखविलें, कीं कुत्रें आणि त्याचा धनी एकमेकांच्या डोळ्यांकडे पहात राहिले, म्हणजे दोघांच्याही शरीरांत ऑक्सिटोसिन नांवाचा स्राव वाढतो. आई आणि तान्हें मूल यांच्यांत जो जिव्हाळा उत्पन्न होतो, त्यामागेंही हाच स्राव असतो.

हें वाचून कोणास वाटेल, कीं प्रश्न सुटला. आजच पिलाच्या गळ्यांत पट्टा बांधावा. परंतु येथें थोडें थांबणें अवश्य आहे. ९२ रोगी ही संख्या लहान आहे. शिवाय ज्यांची प्रकृति मुळांत बरी आणि ज्यांचा स्वभाव उमेदीचा, तींच माणसें कुत्रें पाळण्याच्या भरीस पडतात, असेंही असूं शकेल. अमेरिकेंतील हृदयरोगविषयक संस्थेनें २०१३ सालीं या सर्व अभ्यासांचा आढावा घेतला. पाळीव प्राणी, विशेषतः कुत्रें, घरीं असणें आणि हृदयविकाराचा धोका कमी असणें यांचा संबंध असावा, असें तिनें मान्य केलें. पण केवळ तेवढ्या हेतूनें कोणीं प्राणी घरीं आणूं नये, असेंही बजावलें. या दुसऱ्या वाक्याकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. काढ्याची बाटली गुण आला नाहीं तर फडताळांत ठेवून देतां येते. जिवंत प्राण्याचें तसें करतां येत नाहीं.

मग गुण येतो तो कशानें ? माझ्या मतें त्याचें उत्तर भगिनीच्या पत्रांतच आहे. सासूबाई होत्या तोंवर मामंजींच्या दिवसाला एक घडी होती. सकाळचा चहा दोघांचा, देवपूजेची फुलें आणणें यांचें, औषधाची आठवण करणें त्यांचें. आतां मुलगा पैसे पाठवितो, सून डबा लावून देते, मुलगी बारामतीहून येऊन घर आवरून जाते. सर्वजण त्यांच्यासाठीं करतात. त्यांनीं मात्र कोणासाठीं कांहीं करावयाचें उरलें नाहीं. आपल्यावांचून कोणाचें अडत नाहीं, ही जाणीव म्हातारपणीं माणसाला आंतून पोखरते. त्या पिलानें मामंजींना पुन्हां देणारा केलें आहे. सकाळीं कोणी वाट पहात आहे म्हणून उठावें लागतें, पोळी उरली आहे कीं नाहीं तें पहावें लागतें. पुढें त्याला फिरवावें लागेल, तेव्हां सुटलेलें फिरणें आपोआप सुरू होईल. आणि वाटेंत चारचौघे 'काय नांव ठेवलेंत?' म्हणून विचारतील, तेव्हां 'ठीक आहे' याहून अधिक बोलावें लागेल. अंगावरून हात फिरविल्यानें मन शांत होतें हें खरेंच; पण त्याहून मोठा गुण या जबाबदारीचा आहे.

आतां वन्संच्या आक्षेपांचा विचार करूं. त्यांतला सोंवळ्याचा आक्षेप आपल्याच परंपरेच्या आधारें दूर होण्यासारखा आहे. वैश्वदेवानंतर कावळा, कुत्रा यांच्यासाठीं अन्नाचा भाग बाजूला काढण्याचा विधि आपल्या वाडवडिलांनीं नित्यकर्मांत घालून दिला. दत्तमहाराजांच्या चरणांशीं चार श्वान आहेत. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें नामदेव तुपाची वाटी घेऊन धांवले, ही कथा आपण मुलांना सांगतों. धर्मराज तर स्वर्गाच्या दारांतही सोबतच्या कुत्र्याला सोडावयास तयार झाला नाहीं. साताऱ्याजवळ संगम माहुलीस शाहू छत्रपतींच्या लाडक्या कुत्र्याची समाधि आजही दाखवितात. स्वयंपाकघर आणि देवघर यांचे उंबरे पिलानें ओलांडूं नयेत, एवढी शिस्त पहिल्या महिन्यांतच लावावी. तें ती सहज शिकतें. ओसरी आणि अंगण त्याचें, आंतलें घर तुमचें, अशी वांटणी केली, कीं सोंवळ्याला धक्का पोंचत नाहीं.

रोगाचा आक्षेप मात्र वन्संनीं रास्तच घेतला आहे, आणि तो हंसण्यावारी नेतां कामा नये. पिसाळल्याचा रोग एकदां अंगांत भिनून लक्षणें दिसूं लागलीं, कीं माणूस बहुधा हातचा जातोच. सुदैवानें पाश्चरनें १८८५ सालीं जोसेफ माइस्टर या मुलाला लस टोंचली, तेव्हांपासून हा रोग टाळण्याची विद्या मनुष्याच्या हातीं आली आहे. म्हणून पिलूं घरचें करावयाचें ठरलें, तर त्याला आधीं पशुवैद्याकडे न्यावें. तीन महिन्यांचें झालें, कीं पिसाळरोगाची लस, पुढें पशुवैद्य सांगतील तेव्हां दुसरी मात्रा, आणि मग दरवर्षीं न चुकतां, हा क्रम ठेवावा. जंतांचें औषध वेळच्या वेळीं द्यावें. पिसवा व गोचीड यांवर नजर ठेवावी. योग्य वयांत शस्त्रक्रिया करून घ्यावी, म्हणजे गल्लींत अनाथ पिलांची भर पडत नाहीं. लस न घेतलेल्या कुत्र्याचा दांत लागला, ओरखडा निघाला किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर ती जागा साबण आणि वाहतें पाणी यांनीं पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. हळद, तिखट, चुना असलें कांहीं जखमेंत भरूं नये. लसीचे सर्व डोस पुरे करावे. एक-दोन घेऊन सोडून देणें घातक आहे.

आपल्या भागापुरत्या आणखी कांहीं गोष्टी सांगतों. बारामती-इंदापूरकडे द्राक्षबागा पुष्कळ, त्यामुळें घरोघरीं द्राक्षें आणि बेदाणे असतात. कुत्र्याला हीं दोन्ही विषासमान आहेत. त्यांनीं त्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. कांदा, लसूण आणि चॉकलेट हेही त्याला वर्ज्य. उन्हाळ्यांत तिकडे ऊन फार कडक असतें, आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाहीं. धापा टाकूनच तें अंग निववितें. म्हणून दुपारीं सांवली आणि भरलेलें पाण्याचें भांडें हवेंच. दाट केसांचीं, थंड देशांतलीं महागडीं कुत्रीं हौसेनें विकत आणून इकडच्या उन्हांत बांधून ठेवणें म्हणजे त्यांचे हाल आहेत. त्यापेक्षां आपल्या मातींतलें गांवठी पिलूं काटक आणि कमी खर्चाचें. पुणें जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यांत बिबट्याचा वावर वाढला आहे. वस्ती गांवाबाहेर असेल, तर रात्रीं कुत्रें अंगणांत बांधून ठेवूं नये. मामंजींचे पाय डळमळत असतील, तर फिरवितांना जोरानें ओढणार नाहीं अशी संवय पिलाला लहानपणींच लावावी. नाहींतर पडून हाड मोडावयाचें.

कोणास कुत्र्याची उठाठेव झेपत नसेल, तर मांजर हा चांगला पर्याय आहे. त्याला फिरवावें लागत नाहीं. परंतु पिंजऱ्यांतल्या राघूची जुनी हौस आतां सोडली पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्या रानांतले पोपट पकडण्यास व पाळण्यास मनाई आहे. आणि उडणाऱ्या जिवाला कोंडून आपलें एकटेपण घालविणें हें मनालाही पटण्यासारखें नाहीं.

शेवटीं मुख्य प्रश्न. कुत्रें दहा ते पंधरा वर्षें जगतें. मामंजी आज सत्तरीपुढें आहेत. उद्यां त्यांना रुग्णालयांत रहावें लागलें, किंवा त्यांच्यामागें तें उरलें, तर त्याचें काय ? याचें उत्तर घरांत आधीं ठरलें पाहिजे. आणि तें ठरविल्यावांचून पिलूं मामंजींच्या गळ्यांत घालणें म्हणजे दोघांवरही अन्याय आहे. भगिनी पुण्यास, वन्सं बारामतीस. अडचणीच्या वेळीं प्रथम पोंचणार त्या वन्संच. म्हणून त्यांना डावलून हा बेत करूं नये. त्यांचा विरोध वडिलांच्या काळजीपोटींच आहे. लशीचें, सोंवळ्याचें आणि पुढच्या सांभाळाचें समाधान झालें, तर त्यांचाही विरोध मावळेल, असें मला वाटतें.

आणि सर्वांआधीं मामंजींना विचारावें. 'तुमच्या प्रकृतीसाठीं कुत्रें ठेवूं या' असें मात्र म्हणूं नये; म्हाताऱ्या माणसाला आपण रोगी ठरलों, हें आवडत नाहीं. 'या पिलाला पावसाळ्यापूर्वीं निवारा हवा आहे, तुम्ही सांभाळाल का ?' असें विचारावें. ते नाहीं म्हणाले, तर आग्रह न करतां रोजची पोळी तेवढी चालूं द्यावी. तीही थोडी नाहीं. हो म्हणाले, तर पहिल्या लशीच्या दिवशीं वन्संना बारामतीहून बोलावून घ्यावें, आणि बापलेकींनीं मिळूनच पिलाला दवाखान्यांत न्यावें.

मामंजींचें जेवण वेळेवर होत नाहीं, असेंही या भगिनीनें लिहिलें आहे. एकट्या रहाणाऱ्या वृद्धांचा आहार कसा असावा, याविषयीं पुढील अंकीं लिहूं.