एकाच हवेचे दोन आकडे! मोबाईलवरचा एक्यूआय नेमका वाचायचा कसा?

हिवाळ्यात मुंबईत सकाळी फोन उघडला की हा गोंधळ होऊ शकतो: एका ॲपवर एक्यूआय १००, म्हणजे 'समाधानकारक', तर दुसऱ्यावर १५०च्या पुढे, लाल रंगात. मग खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. फरक मोजपट्टीचा आहे.

पीएम २.५ म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहूनही बारीक कण. ते थेट फुप्फुसात खोलवर जातात. एक घनमीटर हवेत असे कण ६० मायक्रोग्रॅम असले, तर भारतीय मोजपट्टी १०० दाखवते. काही खासगी ॲप अमेरिकेची मोजपट्टी वापरतात. तिथे तीच हवा १५० ओलांडते. आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची मर्यादा? दिवसाला फक्त १५! म्हणजे आपलं 'समाधानकारक' त्याच्या चौपट असू शकतं.

दुसरी गोष्ट. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवरचा एक्यूआय ही २४ तासांची सरासरी असते. आत्ता धावायला जायचं की नाही, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी जवळच्या केंद्राचा पीएम २.५चा ताशी आकडा बघा.

मुंबईत धूळ येते कुठून? बांधकामं, रस्ते, वाहनं, कारखाने आणि जाळलेला कचरा. एरवी समुद्राचा वारा ती वाहून नेतो. हिवाळ्यात वारा मंदावतो, जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचं झाकण बसतं आणि धूर खालीच अडकतो. म्हणून पहाटेची हवा 'ताजी' वाटली, तरी बऱ्याचदा तीच जास्त खराब असते.

मग करायचं काय?

• व्यायाम पहाटेऐवजी ऊन वर आल्यावर करा.
• रुमाल किंवा कापडी मास्क हे कण नीट अडवत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन९५ वापरा.
• घरात झाडूने धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा.
• दमा असेल तर इनहेलर जवळच ठेवा.

शेवटचं. महापालिकेच्या ऑक्टोबर २०२३च्या नियमांनुसार उंच इमारतींच्या बांधकामाभोवती ३५ फूट उंच पत्रे आणि पाण्याची फवारणी सक्तीची आहे. तुमच्या गल्लीत ते दिसत नाही? फोटो काढा आणि वॉर्ड ऑफिसात तक्रार करा. मास्क फक्त तुम्हाला वाचवेल. धूळ थांबली तर अख्खी गल्ली श्वास घेईल.