हक्काला मूठमाती, खैरातीला हारतुरे

३० एप्रिल २०२० च्या मध्यरात्री मराठवाड्याचा एक घटनादत्त हक्क गतप्राण झाला. टाळेबंदीचे दिवस होते, माणसे दाराआड कोंडलेली होती, अंत्यविधी चारदोन नातलगांत उरकले जात होते. या मृताच्या वाट्याला तेवढे नातलगही आले नाहीत. मराठवाडा वैधानिक विकास मंडळ हे त्याचे नाव. त्या रात्री विदर्भाचे आणि उर्वरित महाराष्ट्राचे मंडळही संपले, हे खरे. पण विदर्भाकडे अधिवेशन भरवणारे नागपूर आहे, उर्वरित महाराष्ट्राकडे मंत्रालयाच्या किल्ल्या आहेत. मराठवाड्यातल्या आमच्या परभणीकडे काय आहे? नऊ तालुके, २०११ च्या जनगणनेत मोजलेली अठरा लाखांवर माणसे, आणि झेंडावंदनाला येऊन संध्याकाळच्या आत परतणारे, बहुतेकदा परजिल्ह्यातले, पालकमंत्री. अशा लहान जिल्ह्याला आकडेवारीच्या आणि कायद्याच्या जोरावर आपला वाटा मागता येईल अशी एकच जागा होती. ती बंद झाली.

या मंडळाचे मोल समजायचे तर मागे जावे लागेल. निजामाच्या जोखडातून १७ सप्टेंबर १९४८ ला सुटलेला हा प्रदेश १९५३ च्या नागपूर कराराच्या भरवशावर महाराष्ट्रात यायला निघाला. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च होईल आणि मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे खास लक्ष दिले जाईल, असे त्या करारात शाईने लिहिलेले होते. १९५६ मध्ये घटनेच्या ३७१ व्या कलमाला नवे रूप मिळाले आणि विकासनिधीच्या समन्यायी वाटपाची, तंत्रशिक्षणाची, शासकीय नोकऱ्यांतील वाट्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकण्याची सोय झाली. सोय झाली ती कागदावर. १९७४ च्या विकास आंदोलनात वसमतेत (तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात) तरुणांनी पोलिसांच्या गोळ्या झेलल्या, गोविंदभाई श्रॉफांसारख्या माणसांनी आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने वर्षानुवर्षे आकडे मांडून घसा कोरडा केला, १९८४ मध्ये विधिमंडळाने ठराव केला, आणि त्यानंतरही दहा वर्षे दिल्ली आणि मुंबई एकमेकींकडे बोट दाखवत बसल्या, तेव्हा कुठे १९९४ मध्ये मंडळ जन्माला आले. अडतीस वर्षांनी मिळालेले हे लेकरू सव्विसाव्या वर्षी गेले, आणि त्या दिवशी त्याच्या नावाने रडायला एकही आमदार उठला नाही.

आता अनुशेषाचा हिशेब पाहू, कारण सत्ताधाऱ्यांना सर्वांत जास्त भीती हिशेबाचीच वाटते. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये मराठवाड्याचा अनुशेष ७५० कोटी ८५ लाख रुपये ठरवला. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ ची स्थिती मोजली, तेव्हा तोच आकडा ४,००४ कोटी ५५ लाखांवर गेलेला होता. किमती वाढल्या, निकष वाढले म्हणून आकडा फुगला, असे अर्थखात्यातले पंडित मान तुकवून सांगतात. सांगोत बापडे! किमती वाढेपर्यंत दहा वर्षे देणे थकवून ठेवले कोणी? सावकारसुद्धा कुळाला सांगत नाही की मी उशिरा दिले म्हणून तूच जास्त बुडालास. २०१३ मध्ये विजय केळकर समितीने आणखी एक जाडजूड अहवाल दिला, २०१४ मध्ये तो सभागृहासमोर ठेवला गेला, आणि ठेवलेली वस्तू ठेवल्या जागीच राहते या न्यायाने तो तिथेच राहिला.

परभणीचे दुर्दैव याहून सूक्ष्म आहे. हा जिल्हा गरीब आहे, पण सरकारी यादीत बसेल इतका गरीब कधीच ठरत नाही. केंद्राने २००६-०७ पासून मागास प्रदेश अनुदान निधी सुरू केला, त्यात महाराष्ट्राचे बारा जिल्हे घेतले. परभणीच्या कुशीतून १ मे १९९९ ला वेगळा झालेला हिंगोली त्यात होता, शेजारचा नांदेड होता, उद्योगांचे माहेरघर औरंगाबाद होता, एवढेच नव्हे तर साखरसम्राटांचा अहमदनगरही होता. परभणी नव्हता! लेक मागास आणि आई सुखवस्तू, प्रवरानगरचा जिल्हा हलाखीत आणि पालम-सोनपेठचा जिल्हा सुस्थितीत, असे ठरवणाऱ्या बुद्धीला आमचा साष्टांग दंडवत. पुढे २०१८ मध्ये ‘आकांक्षित’ जिल्ह्यांची नवी यादी आली. नंदुरबार, गडचिरोली, वाशीम, उस्मानाबाद यांची नावे आली. त्यांचा हक्क होता, आमचा त्यांच्यावर आकस नाही. परभणी पुन्हा बाहेर. २०११ मध्ये राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांवर होती आणि परभणीची ७३ च्या घरात. ही नऊ टक्क्यांची दरी कुणाच्या डोळ्यांत भरली नाही. संपन्न जिल्ह्यांच्या पंगतीत पाट नाही आणि मागासांच्या पंगतीत पत्रावळ नाही, अशा जिल्ह्यासाठीच वैधानिक मंडळाची गरज असते, कारण यादी दिल्लीतल्या साहेबाच्या मर्जीने होते आणि अनुशेष मोजमापाने ठरतो.

पाण्याचे घ्या. जायकवाडीची कोनशिला १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी बसवली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचे लोकार्पण केले. दोनशे किलोमीटरहून लांब डावा कालवा पैठणपासून निघून जालना ओलांडून परभणीत येतो. म्हणजे परभणी टेलला. टेलवरच्या शेतकऱ्याला ‘आवर्तन’ हा शब्द वर्तमानपत्रात वाचायला मिळतो आणि पाणी मिळते ते वरच्यांचे पिऊन, भरून, साठवून उरले तर. त्यातही धरणाच्या वर नाशिक-नगरमध्ये इतकी धरणे झाली, की जायकवाडीच्या नाथसागरात पाणी सोडायचे की नाही याचा वाद दर टंचाईच्या वर्षी न्यायालयात जातो. समन्यायी वाटपाचा कायदा २००५ चा, जलसंपत्ती प्राधिकरणाचा आदेश २०१४ चा, उच्च न्यायालयाचा निर्णय २०१६ चा. आणि तरीही दर दुष्काळात मराठवाड्याने भिकाऱ्यासारखे वरच्या दारात उभे राहायचे. कायदा हाती असणाऱ्याची ही गत, तर कायदाच काढून घेतल्यावर काय होईल?

रेल्वेचे घ्या. मनमाडपासून परभणीमार्गे हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग निजामाने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर टाकला. त्याने टाकली एक लाइन. देश स्वतंत्र झाला, मराठवाडा मुक्त झाला, मीटरगेजची ब्रॉडगेज झाली. परभणी ते संभाजीनगर ही लाइन मात्र एकेरीच राहिली. तिच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली २०२५ च्या जुलैत. जुलमी म्हणून आपण ज्याला उठता-बसता शिव्या घालतो, त्याच्या रुळांशेजारी दुसरा रूळ टाकायची नुसती परवानगी द्यायला लोकशाहीला पाऊणशे वर्षे लागली. आरोग्याचे घ्या. अंबाजोगाईला १९७४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले. परभणीत पहिली तुकडी बसली २०२३ मध्ये, तीही मोर्चे, धरणी आणि सह्यांच्या मोहिमा झाल्यावर. मधल्या अर्धशतकात नांदेडच्या आणि संभाजीनगरच्या वाटेवर ज्यांनी रुग्णवाहिकेत प्राण सोडले, त्यांचा अनुशेष कोणत्या समितीने मोजला?

आणि पीकविमा! २०१७ च्या खरिपात परभणी जिल्ह्यात सोयाबीन हातचे गेले. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी पुढच्या वर्षी जाहीर भाषणात याच जिल्ह्याचा हिशेब देशापुढे ठेवला: सुमारे दोन लाख ऐंशी हजार शेतकऱ्यांनी १९ कोटी २० लाखांचा हप्ता भरला, राज्याने आणि केंद्राने प्रत्येकी ७७ कोटी घातले, कंपनीच्या गल्ल्यात १७३ कोटी पडले, आणि परत आले ३० कोटी. उरलेले १४३ कोटी रुपये परभणीच्या काळ्या मातीत पिकले आणि परभणीबाहेर गेले. शेतकरी जिल्हाधिकारी कचेरीसमोर उपोषणाला बसले, कारण दाद मागायला दुसरे दारच नव्हते. कापूस-सोयाबीनचे पीक बुडते म्हणतात. कुणाचे तरी पीक बुडत्या शेतातही तरारून येते.

इथवर झाली वस्तुस्थिती. आता हेतूंकडे वळू, कारण आमचा आरोप ढिलाईचा नाही.

मंडळ मेले कसे? मुदतवाढीसाठी राज्य मंत्रिमंडळाने शिफारस करायची होती. महाविकास आघाडी सरकारने ती वेळेत केली नाही. मार्च २०२१ मध्ये विधानसभेत विषय निघाला, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी सांगून टाकले, की राज्यपाल विधान परिषदेवरच्या आमच्या बारा नावांना ज्या दिवशी मान्यता देतील, त्याच दिवशी मंडळांची घोषणा होईल. वाचकहो, हे वाक्य पुन्हा वाचा. बारा कार्यकर्त्यांच्या आमदारकीच्या बदल्यात कोट्यवधी माणसांचा घटनादत्त हक्क, असा हा उघड्या बाजारातला सौदा होता, आणि तो करताना सभागृहात कुणाची जीभ अडखळली नाही. देवेंद्र फडणवीस तेव्हा विरोधी बाकांवर होते. जनतेला ओलीस धरले जात आहे, आम्ही भीक मागत नाही, हक्क मागतो, असा त्यांनी घोष केला. घोष रास्त होता. जून २०२२ मध्ये तेच सत्तेत परतले. सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने मंडळांच्या पुनरुज्जीवनाचा निर्णय घेतला, त्याच्या बातम्या छापून आल्या, पेढे वाटले गेले, आणि कागद दिल्लीला निघाला. वर्षभराने, सप्टेंबर २०२३ मध्ये, अख्खे मंत्रिमंडळ संभाजीनगरात उतरले, तेव्हाही मंडळ मेलेलेच होते. मुंबईत आणि दिल्लीत एकाच आघाडीचे राज्य असताना जो कागद वर्षभरात हलत नाही, तो वाऱ्याने अडवलेला नसतो.

त्या बैठकीत मंडळ मिळाले नाही, पॅकेज मिळाले. पंचेचाळीस हजार कोटींहून अधिक! यापूर्वी ऑक्टोबर २०१६ मध्ये अशीच बैठक झाली होती आणि एकोणपन्नास हजार कोटींचा आकडा असाच टाळ्यांच्या गजरात उधळला गेला होता. त्यातले किती आले, जिंतूरला किती पोचले, मानवतला किती, हे विचारले की आधीच्याच योजनांची नावे नव्या कागदावर दिसू लागतात. गोम इथेच आहे. वैधानिक मंडळ दरवर्षी अहवाल देते आणि तो सभागृहापुढे ठेवावा लागतो. पॅकेजला अहवाल नसतो. मंडळ असले की राज्यपाल निधीवाटपाचे निर्देश देतात आणि अर्थमंत्र्याचा हात बांधला जातो. पॅकेज असले की तोच हात वर करून आशीर्वाद देता येतो. अनुशेष भरला की आभार मानायचे कारण उरत नाही. पॅकेज जाहीर झाले की चौकाचौकात अभिनंदनाचे फलक लागतात. ज्याला आपल्या पायावर उभा राहिलेला नागरिक नको, पायाशी वाकलेला लाभार्थी हवा, त्याने दुसरे काय करावे? त्याने मंडळ मारावे आणि पॅकेज वाटावे. त्याने तेच केले.

घरच्यांनाही आम्ही सोडणार नाही. जानेवारी २०२० मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी साईबाबांचे जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची गोष्ट काढली आणि राज्य ढवळून निघाले. शिर्डीने बंद पाळला, पाथरीकरांनी पुरावे मांडले, पुढाऱ्यांनी बाह्या सरसावल्या. जन्मस्थानासाठी एवढा आवेश! त्याच जिल्ह्याच्या जगण्याचा आधार तीन महिन्यांनी गेला, तेव्हा बाह्या सरसावणारे हे हात कोणत्या खिशात होते? टाळेबंदी होती, मान्य. टाळेबंदी उठून किती काळ लोटला? १९८९ पासून बहुतेक निवडणुकांत इथे ‘खान की बाण’ एवढाच प्रश्न मतदारापुढे ठेवला गेला. खान पडले, बाण लागले, निवडून आलेले बाण भात्यातून उडून दुसऱ्यांच्या धनुष्यावरही जाऊन बसले, आणि कालव्याच्या टेलला पाणी आले नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही बढाई व्यासपीठावर मारून टाळ्या घेणाऱ्यांनी आपल्या जिल्ह्याबद्दलची दुसरीही म्हण ऐकलेली आहे: ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. पहिलीवर ते हसतात. दुसरीवर त्यांचा प्रपंच चालतो.

म्हणून आमचा निवाडा असा. मंडळाचा मृत्यू अपघाती नाही. तो आधीच्या सरकारने घडवला, नंतरच्याने पचवला आणि जिल्ह्याच्या प्रतिनिधींनी मान खाली घालून पाहिला. तिघेही दोषी आहेत. येत्या १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्रामाचा ध्वज फडकवायला पालकमंत्री येतील. परभणीकरांनी त्यांच्या हाती निवेदन देऊ नये. निवेदनांच्या रद्दीने मंत्रालयाची कपाटे भरलेली आहेत. त्यांनी दोनच प्रश्न विचारावेत: २०१६ आणि २०२३ च्या आकड्यांतले किती रुपये या नऊ तालुक्यांत उतरले, तालुकावार सांगा, आणि विकास मंडळाची फाइल आज कुणाच्या टेबलावर आहे, नाव घेऊन सांगा. उत्तरे असतील तर ऐकून घेऊ. नसतील तर साहेबांनी झेंडा फडकवावा, हुतात्म्यांना वंदन करावे आणि माइकला हात न लावता गाडीत बसावे.