पोका-योके एचआरच्या केबिनमध्ये का जात नाही?

तर मंडळी, या शनिवारी जरा शॉपफ्लोअरवरचा विषय. चाकण एमआयडीसीतल्या कुठल्याही ऑटो कंपनीत जा, नाहीतर तिच्या व्हेंडरकडे, 'पोका-योके' हा शब्द कानावर पडणारच. फिक्स्चरच असं करायचं की पार्ट उलटा बसत नाही. एक बोल्ट राहिला तर लाइन पुढे सरकत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला व्हॅलिडेशन म्हणतो आणि उगाच भाव खातो.

या शब्दाची गंमत अशी की शिगेओ शिंगोंच्या काळात तो आधी 'बाका-योके' होता. बाका म्हणजे मूर्ख. १९६३ साली जपानमधल्या अराकावा बॉडी कंपनीतल्या एका कामगार मुलीला ते लागलं. मी काय मूर्ख आहे का? मग शब्द बदलला. पोका म्हणजे नजरचूक. दोष माणसाचा नाही, रचनेचा, हे सगळं त्या एका अक्षरबदलात आलं.

हेच तत्त्व आपण नोकरी देताना मात्र गेटवर ठेवून येतो.

ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सिया असलेल्यांना हल्ली एकत्रितपणे न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात. त्यांच्या नोकऱ्यांचा विषय निघाला की आमच्या हिंजवडीकडचे लोक लगेच टेस्टिंगवर येतात. सॅपने २०१३ मध्ये 'ऑटिझम ॲट वर्क' जाहीर केलं, तेव्हापासून तर फारच. उपक्रम चांगलाच आहे. पण त्यातून 'ऑटिस्टिक म्हणजे पॅटर्न ओळखणारा जीनियस' असा एक समज पसरला. नोकरी मिळायला जीनियस असावं लागत असेल तर आपल्यातले किती जण उरतील? :-)

मला वाटतं, साध्या माणसाची साधी नोकरी चाकणला जास्त आहे. बघा ना, प्रत्येक स्टेशनवर फोटोसकट वर्क इन्स्ट्रक्शन टांगलेली. फाइव्ह एस मुळे पान्याची जागा जमिनीवर पिवळ्या पट्टीने आखलेली. काही अडलं तर दोरी ओढा, अँडनचा दिवा लागतो. कुणाच्या तोंडाकडे बघून मूड ओळखायची गरज नाही. सूचना लेखी हव्यात, बदल आधी सांगा, असं जे अनेक ऑटिस्टिक लोक मागतात ते इथे आयएसओच्या ऑडिटसाठी आधीच करून ठेवलेलं असतं. (प्रेस शॉपचा आवाज आणि आठवड्याला बदलणारी शिफ्ट हे मात्र खरंच अवघड. आणि सगळ्या ऑटिस्टिक लोकांना एकच काम दिवसभर करायला आवडतं असंही समजू नका.)

अडतं कुठे? 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'पाशी. समोरच्याच्या डोळ्यांत बघून पाच मिनिटं स्वतःबद्दल गोड बोलणं आणि पुढे टॉर्क रेंच चालवणं, यांचा संबंध काय? डिस्लेक्सियाचं तर आणखी विचित्र. महाराष्ट्रात शाळेत असताना बोर्ड जादा वेळ देतं. तोच मुलगा विशीत गेटवर आला की घड्याळ लावून ॲप्टिट्यूड टेस्ट. डिस्लेक्सिया काय दहावीच्या निकालाबरोबर बरा होतो?

कायदा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत, एडीएचडीचं नाव नाही. सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण, त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार अशा सगळ्यांत मिळून. खासगीला सक्ती नाही. पण २० किंवा जास्त माणसं असतील तर समान संधी धोरणात निवड कशी करणार ते लिहावं लागतं आणि एक संपर्क अधिकारी नेमावा लागतो. तुमच्या कंपनीत तो कोण आहे, सोमवारी विचारून बघा.

माझं मागणं फार नाही. मुलाखतीऐवजी दोन दिवस लाइनवर काम करून बघू द्या. प्रश्न आदल्या दिवशी लेखी द्या. टेस्टला जादा वेळ द्या. हे पोका-योकेच आहे, फक्त फिक्स्चर एचआरच्या टेबलावर बसवायचं.

आता खरी मेख. चाकणमधली बरीच भरती कॉन्ट्रॅक्टरमार्फत होते. कानाला लावायचे मफ आणि एकच ठरलेली शिफ्ट मागितली तर कंपनी म्हणते, तो आमच्या रोलवर नाही. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, लाइन माझी नाही. मुलगा तोवर तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमधून घरी परत. धोरणाच्या कागदात कॉन्ट्रॅक्टरकडच्या माणसांचाही उल्लेख यायला हवा, आणि तो मूळ कंपनीनेच घालायला हवा. पार्टच्या प्रत्येक मायक्रॉनवर व्हेंडरला धारेवर धरणाऱ्यांना हे जमणार नाही, असं मला तरी कुणी सांगू नये.