जुन्या सायकलचा भाव सांगताना तुम्ही कोणाच्या बाजूला असता?



"जुन्या सायकलींचा धंदा करायचाय, भांडवल किती लागेल?" असं बरेच जण विचारतात. पैसे कमीच लागतात. पण त्याआधी एक भांडवल लागतं, ते मी एकदा घालवलंय.

लॉकडाऊननंतरची गोष्ट. इथले, जुहूचेच एक काका मुलाची गिअरची सायकल घेऊन दुकानात आले. विकायला नाही, विचारायला. "हिचे किती येतील रे?" मी गंजलेली चेन दाखवली आणि म्हटलं, "पंधराशे. तेही मी घेतोय म्हणून." त्यांनी विश्वास ठेवला. मी ₹700 खर्च केले आणि आठवड्यात ती ₹4,500 ला विकली. घेणारा निघाला त्यांच्याच सोसायटीतला. काका भांडले नाहीत. फक्त परत आले नाहीत, आणि त्या सोसायटीतली दुरुस्तीची कामंही बंद झाली. बीबीएला 'गुडविल' पाठ केलं होतं, अर्थ तेव्हा कळला.

म्हणून माझं मत: गिऱ्हाईक सल्ला विचारतं, तेव्हा आधी खरा भाव सांगा. आपली ऑफर नंतर, आणि वेगळी.

मी आता हिशोब कागदावरच लिहून देतो. अशी सायकल दुरुस्त होऊन ₹4,500 ला जाईल, खर्च ₹1,100, माझं मार्जिन ₹900, तुम्हाला ₹2,500. "स्वतः विकलीत तर जास्त मिळतील," हेही सांगतो.

भाव अंदाजाने सांगू नका, तपासून सांगा:

• जुनं बिल नको, आजची नवी किंमत बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय. नवी स्वस्त झाली की जुनीही उतरते.

• चेनवर फूटपट्टी लावा. शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवलं, तर नव्या चेनमध्ये 12 इंचाची खूणही पिनच्या मध्यावरच येते. ती पिन सूतभर पुढे गेली असेल, तर मागचे दातेही झिजलेत असं धरा.

• आपल्याकडे खाऱ्या हवेने चेन, स्पोक, नटबोल्ट गंजतात. तो खर्च किरकोळ. फ्रेमला तडा असेल तर मात्र भंगाराचाच भाव, तोही तोंडावर सांगा.

• पेडलच्या खाली फ्रेम नंबर बघा, बिल मागा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा गुन्हा आहे.

"मार्जिन दाखवलं तर गिऱ्हाईक घासाघीस करेल ना?" करतं. काही जण निघूनही जातात. पण तेच पुढे पंक्चर काढायला, मुलाला नवी सायकल घ्यायला येतात. त्या ₹2,300 च्या नफ्यापेक्षा मला हे परवडतं.

आज एकच करा: दुकानात वही ठेवा आणि पुढच्या सायकलचा हिशोब गिऱ्हाइकासमोर लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!